फॉर्मवर सगळ्या 'समाधानी', तरी दुसऱ्या खेपेला "तिथं नको". नेमकं काय चुकतं?

गुणवत्ता_समन्वयक (नाशिक)

नमस्कार मंडळी. शहरातल्या एका धर्मादाय रुग्णालयात प्रसूती विभागाची गुणवत्ता पाहायचं काम माझ्याकडे आहे. सिडको, सातपूर, नाशिक रोडच्या बायका येतात, तशाच दिंडोरी, पेठ, सुरगाण्याहून रेफर होऊनही येतात. डिस्चार्जच्या दिवशी आम्ही पाच प्रश्नांचा फॉर्म भरून घेतो: स्वच्छता, जेवण, डॉक्टर, नर्स आणि एकूण समाधान. जवळपास प्रत्येक फॉर्मवर 'समाधानी' किंवा 'अतिशय समाधानी' असतं. पण आशाताई सांगतात की दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी त्यातल्याच काही जणी आमचं नाव काढलं की गप्प होतात.

व्यवस्थापनाचं म्हणणं, रंगकाम करू, एसी बसवू, एपिड्युरल (कळांचं दुखणं कमी करणारं पाठीतलं इंजेक्शन) सुरू करू. मला वाटतं दुखणं वेगळं आहे, पण बैठकीत ते मुद्द्यानिशी मांडता येत नाही. बाईचं समाधान खरोखर कशावर ठरतं? आमच्या फॉर्ममध्ये काय चुकतंय? आणि फारसा खर्च न करता लेबर रूममध्ये आधी काय बदलावं?

स्त्रीरोग_दिंडोरी_रोड

बैठकीत सांगायला एक भक्कम आधार देतो. टोरांटोच्या एलेन हॉडनेट यांनी २००२ साली या विषयावरचे तोवरचे अभ्यास एकत्र तपासले. सगळ्यात जड ठरल्या त्या चार गोष्टी: बाईच्या स्वतःच्या अपेक्षा, कळांच्या वेळी मिळालेला आधार, काळजी घेणाऱ्यांशी जुळलेलं नातं आणि निर्णयात तिला मिळालेली जागा. वय, आर्थिक स्थिती, खोलीची सजावट, वेदना, इतकंच काय टाके किंवा सिझरसुद्धा या चारांच्या मागे पडतात. याचा अर्थ वेदना कमी करू नयेत असा मुळीच नाही. वेदना होत असताना आपल्याशी कोण कसं वागलं, हे जास्त खोल राहतं, एवढाच अर्थ.

म्हणून एपिड्युरल आणायचं तर जरूर आणा, पण भूलतज्ज्ञ चोवीस तास असेल तरच जाहिरात करा. दिवसा मिळतं आणि रात्री दोन वाजता मिळत नाही, असं असेल तर सातव्या महिन्याच्या तपासणीतच तसं सांगून ठेवा. आश्वासन देऊन ऐन वेळी हात वर केले की बाई जितकी दुखावते, तितकी ती सोय मुळात नसताना दुखावत नाही.

अपेक्षेचाच दुसरा भाग म्हणजे भरती फार लवकर करणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शनानुसार कळांचा सक्रिय टप्पा गर्भपिशवीचं तोंड ५ सेंमी उघडल्यापासून धरायचा, आणि तासाला १ सेंमी उघडलंच पाहिजे हा जुना नियम प्रत्येकीला लावायचा नाही. आपल्याकडे २ सेंमीला टेबलावर घेतात. मग दहा-बारा तास "अजून काही नाही" असं ऐकत ती पडून राहते, घरचे बाहेर घाबरतात, सलाईनमधून कळांचं औषध सुरू होतं, आणि शेवटी "पुढे सरकत नाही" म्हणून सिझर. तिला मात्र वाटतं की आपल्याच अंगात ताकद कमी पडली. सिडकोतली बाई असेल, पाणी गेलेलं नसेल, तपासणी ठीक असेल, तर कधी परत यायचं ते नीट सांगून घरी पाठवता येतं. सुरगाण्याची बाई परत कशी जाणार? तिला वॉर्डात ठेवा, हिंडूफिरू द्या, जेवू द्या. लेबर टेबल ही थांबण्याची जागा नाही.

आता सिझरबद्दल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली २५.४ टक्के बाळंतपणं सिझरने झाल्याची नोंद आहे, म्हणजे साधारण चारातली एक. तेव्हा हा अपवाद समजून चालणार नाही. सगळ्यात जास्त घडणारी चूक अशी: संमतीचा कागद व्हरांड्यात नवऱ्यापुढे धरतात आणि तिला ट्रॉलीवर चढवताना कळतं. क्रम उलटा करा. आधी तिच्याशी बोला, मग नातेवाइकांशी. अगदी घाईतही चार वाक्यं बोलता येतात: "कळ ओसरल्यावरही बाळाचे ठोके खालीच राहताहेत. अजून थांबलो तर बाळाला धोका आहे. सिझर करावं लागेल. कमरेतून भूल देऊ, तुम्ही जाग्या असाल आणि बाळ लगेच दाखवू." यात काय दिसलं, कशाची भीती आहे, काय करणार आणि तिचं काय होणार, एवढं सगळं येतं.

दुसऱ्या दिवशी त्याच डॉक्टरने खाटेशेजारी बसून पाच मिनिटं द्यायची. का करावं लागलं, दुसरा मार्ग होता का, पुढच्या वेळी नॉर्मल होऊ शकेल का. हा तिसरा प्रश्न प्रत्येकीच्या मनात असतो आणि फार थोड्या जणी तो विचारतात. डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'एलएससीएस' (सिझरचं इंग्रजी लघुरूप) लिहू नका, कारण शब्दांत लिहा. पुढच्या डॉक्टरलाही ते लागतं.

सिस्टर_लेबररूम

डॉक्टरसाहेबांनी निर्णयांबद्दल लिहिलंय, मी हातांच्या कामाबद्दल लिहिते. कारण बाईच्या लक्षात राहतात ते हात आणि आवाज.

पहिली गोष्ट सोबतीण. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने सरकारी संस्थांत प्रसूतीच्या वेळी सोबत ठेवायला मान्यता दिली. शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली नात्यातली बाई, संसर्गजन्य आजार नसलेली, स्वच्छ कपड्यांत, पूर्ण वेळ थांबणारी आणि कामात ढवळाढवळ न करणारी. जिथे आडोसा राखता येतो तिथे नवऱ्यालाही घेता येतं. सोबत असली की कळांचा काळ थोडा कमी होतो, सिझरचं प्रमाण घटतं आणि अनुभव वाईट होता असं म्हणणाऱ्याही कमी होतात, हे २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात (जगभरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या) २६ चाचण्यांतून दिसलंय. यासाठी लागतं एक स्टूल.

पण नुसतं आत सोडलं तर बिघडतं. काय करायचं ते माहीत नसलं की सोबतीण एक तर रडते, नाही तर "जोर लाव, जोर लाव" असं चुकीच्या वेळी ओरडते. आत घेतानाच दोन मिनिटांत सांगा: कंबर इथे, तळहाताच्या टाचेने, कळ आल्यावर दाबायची. दर थोड्या वेळाने दोन घोट पाणी, चहा किंवा पेज द्यायची. तिला बाथरूमला न्यायचं. कळ ओसरली की खांदे सैल सोडायला सांगायचं. फोनवर शूटिंग नाही. आणि सोबतीण कोण, हे बाईलाच विचारायचं, तेही सासूच्या समोर नव्हे. काहींना सासू हवी असते, काहींना आई, काहींना मोठी जाऊ.

दुसरी गोष्ट आतली तपासणी. सगळं सुरळीत असेल तर पहिल्या टप्प्यात चार तासांतून एकदा पुरते. प्रत्यक्षात पाळी बदलली की नवी सिस्टर तपासते, मग शिकाऊ डॉक्टर, मग मोठे डॉक्टर. पार्टोग्राफवर, म्हणजे कळांच्या प्रगतीच्या नोंदतक्त्यावर, वेळ आणि सही असली, तर दुसऱ्याने विनाकारण हात घालायची गरज उरत नाही. तपासण्याआधी नाव घेऊन सांगायचं, "आता आतून तपासते, चालेल ना?" चादर गुडघ्यांवर, कळ ओसरेपर्यंत थांबायचं, आणि हात काढल्यावर लगेच निकाल तिलाच सांगायचा: "तोंड सहा सेंमी उघडलंय, बाळाचं डोकं खाली आलंय, छान चाललंय." हे वाक्य न बोलता हातमोजे काढून निघून जाणं फार खुपतं. तिचं अंग, आणि बातमी मात्र केस पेपरला.

तिसरी गोष्ट टाके. "आधीच इतकं दुखतंय, टाक्याचं काय कळणार" हा समज सोडून द्यायला हवा. टाके घेतानाचं दुखणं बायका वर्षानुवर्षं सांगतात, आणि ते जवळपास पूर्ण टाळता येतं. लिग्नोकेन (जागा बधिर करणारं औषध) ०.५ टक्के, साधारण १० मिली. आपल्याकडे बाटली २ टक्क्यांची येते, तेव्हा २.५ मिली औषधात ७.५ मिली सलाईन मिसळायचं. सुई घातल्यावर दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही ना ते पाहायचं. मग दोन मिनिटं घड्याळ लावून थांबायचं. चिमट्याने त्वचा धरून बघायची, जाणवलं तर आणखी दोन मिनिटं. चूक औषधात नसते, ती या न थांबलेल्या दोन मिनिटांत असते. आणि मुळात पहिलटकरीण आहे म्हणून बाळाची वाट मोठी करायला सरसकट छेद द्यायचा, हीच पद्धत बंद करायला हवी. गरज असेल तेव्हाच द्या, आणि देण्याआधी सांगा. सरसकट एनिमा देणं आणि खालचे केस काढणं हेही आता कुठल्याच मार्गदर्शनात नाही. पोट वरून दाबणं तर अजिबात नको. त्याने गर्भपिशवीला इजा होऊ शकते, आणि छातीवर कोणी चढल्याची भीती बाईच्या मनातून जात नाही.

चौथा बाळाचा पहिला तास. बाळ पुसायचं, ओला टॉवेल बाजूला, कोरडा अंगावर, डोक्याला टोपी, आणि थेट आईच्या छातीवर. नाळ किमान एक मिनिट थांबून बांधायची. दरम्यान आईला ऑक्सिटोसिन (रक्तस्राव आटोक्यात ठेवणारं इंजेक्शन) १० युनिट स्नायूत. तासाभरात चीक पाजला जातो. वजन आणि व्हिटॅमिन के नंतर. हे बिघडतं कुठे? रजिस्टरमध्ये जन्मवेळेच्या शेजारीच वजनाचा रकाना असतो, म्हणून बाळ आधी काट्यावर जातं. बाहेर पाहुणे "दाखवा" म्हणून दार वाजवतात, म्हणून बाळ बाहेर जातं. आईने अजून नीट पाहिलेलं नसतं आणि आत्याच्या मोबाइलमध्ये फोटो गेलेला असतो. रजिस्टर तासाभराने पूर्ण करायचं, असा लेखी नियम करा, मेट्रनच्या सहीने.

एसीबद्दल एकच सांगते. प्रसूती कक्षाचं तापमान २५ ते २८ अंश हवं. एसी २० वर ठेवला की बाळ गार पडतं, मग त्याला वॉर्मरखाली न्यावं लागतं आणि आईपासून तोडावं लागतं. नाशिकला थंडीत पारा दहाच्या खाली उतरतो. तेव्हा आधी खिडक्यांच्या फटी बुजवा आणि बाळंतिणीच्या बाथरूमला गरम पाणी द्या. गिझर बंद असल्याची तक्रार कोणी फॉर्मवर लिहीत नाही, पण ती माहेरी जाऊन पहिली तीच सांगते.

गटप्रवर्तक_पेठ

सिस्टरताईंनी आतलं सांगितलं, मी दाराबाहेरचं सांगते. आमच्याकडच्या बाईचं मत लेबर रूममध्ये पोहोचायच्या आधीच निम्मं झालेलं असतं.

रेफर करताना तिला कारण सांगत नाहीत. चिठ्ठीवर इंग्रजीत चार अक्षरं असतात आणि १०८ मध्ये बसवतात. नाशिकला उतरल्यावर तीच माहिती पुन्हा तीन ठिकाणी विचारतात. पाठवणाऱ्याने आधी फोन करावा, आणि घेणाऱ्या रुग्णालयात तो फोन उचलणारं एक ठरलेलं माणूस असावं. तुमच्याकडे हे पहिलं करा. दारात "या, पेठहून फोन आला होता" एवढं कोणी म्हटलं तरी जीव भांड्यात पडतो.

भाषेचंही असतं. वयस्कर बायका कोकणी (इथल्या कोकणा आदिवासींची बोली, गोव्याची नव्हे) बोलतात, शहरातल्या प्रश्नांना मान हलवतात आणि ती मान होकार म्हणून लिहिली जाते. "समजलं का?" असं विचारू नका. "घरी गेल्यावर काय करायचं, मला सांगा बरं" असं विचारा.

पैसा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. सरकारी रुग्णालयात नॉर्मल आणि सिझर दोन्ही मोफत, औषधं, तपासण्या, रक्त, नॉर्मलला ३ दिवस आणि सिझरला ७ दिवसांपर्यंत जेवण, येणं आणि घरी सोडणं, सगळं त्यात येतं. त्यामुळे तिथे बाहेरून औषध आणायची चिठ्ठी मिळाली की लोकांना फसवल्यासारखं वाटतं. तुमचं धर्मादाय आहे, तुमचे नियम वेगळे असतील, पण खर्चाचा आकडा भरतीच्या दिवशी कागदावर द्या. जानेवारी २०२१ च्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नियमांनुसार दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारकच आहे. आणि बक्षिसी! मुलगा झाला की जास्त, मुलगी झाली की तोंड वाकडं. मुलगी झालेल्या बाईला लेबर रूममध्ये ऐकू आलेलं पहिलं वाक्य काय होतं, ते एकदा विचारून बघा. बक्षिसी सरळ बंद करा, आणि बाळ आईला दाखवताना बोलायचं वाक्य ठरवून द्या.

बाळ एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात) गेलं तर आईला आधी दाखवा, बाळाच्या हातावरची ओळखपट्टी तिला वाचून दाखवा, आणि सहा तासांच्या आत कोणीतरी येऊन खबर द्या. सिझरच्या आईला चाकाच्या खुर्चीवर नेता येतं. न पाहिलेल्या बाळाबद्दल ती रात्रभर नको ते मनात आणते.

जेवणात आमच्या बायकांना नागलीची भाकर लागते. मैद्याचा ब्रेड आणि पातळ डाळ बघून त्या न जेवताच झोपतात, आणि मग दूध येत नाही अशी तक्रार होते.

आकडेमोड

फॉर्मचा मुद्दा राहिला होता. तुमच्या फॉर्ममध्ये मला चार दोष दिसतात.

एक, वेळ. डिस्चार्जच्या दिवशी बाई सुटकेच्या भावनेत असते, बाळ हातात असतं, बिल आणि जन्मनोंदीचे कागद अजून तुमच्याकडे असतात. ती तक्रार करणार नाही. शिवाय जे घडलं ते चांगलंच असणार, असं मानायची माणसाची वृत्ती असते. दुसरं काही पाहिलेलंच नसतं. म्हणून दुसऱ्यांदा विचारायला हवं, आणि त्याला नैसर्गिक वेळ आहे: बाळाच्या दीड महिन्याच्या लसीची. आई तेव्हा थोडी सावरलेली असते आणि अनुभवाचा अर्थ लागलेला असतो.

दोन, विचारणारा. वॉर्डातल्या सिस्टरनेच फॉर्म भरला तर उत्तर ठरलेलंच. दुसऱ्या विभागातल्या माणसाने, शक्यतो बाईनेच, नवरा आणि सासू शेजारी नसताना विचारावं. फॉर्मवर नाव नको.

तीन, प्रश्न. 'समाधानी आहात का' याला सगळे हो म्हणतात. काय घडलं ते विचारा. आतून तपासण्याआधी प्रत्येक वेळी सांगितलं का? सोबत हवी तेव्हा कोणी होतं का? टाके घेताना दुखलं का? कोणी ओरडलं, हिणवलं किंवा हात उचलला का? बाळ पहिल्या तासात छातीवर होतं का? सिझर का केलं, ते तुम्ही मला सांगू शकाल का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर केस पेपरशी ताडून बघा, त्यातून फार कळतं. तयार मोजपट्टी हवी असेल तर सुधारित बर्थ सॅटिस्फॅक्शन स्केल आहे: १० विधानं, एकूण गुण ० ते ४०, आणि तीन भाग, म्हणजे मिळालेली सेवा, बाईचा स्वतःवरचा ताबा आणि सोसलेला ताण. मराठीत आणताना भाषांतर, मग उलट भाषांतर, आणि पाच-सहा बायकांपुढे वाचून कुठे अडखळतात ते बघणं, या तिन्ही पायऱ्या करा. घाईत केलेल्या भाषांतरात नकारार्थी विधानं हमखास उलटी समजली जातात.

चार, सरासरी. नॉर्मल, ठरवून केलेलं सिझर, तातडीचं सिझर, रेफर होऊन आलेल्या, आणि बाळ एसएनसीयूत असलेल्या, असे पाच गट वेगळे मांडा. सगळ्यांची मिळून सरासरी काढली की पहिला गट बाकीच्यांना झाकून टाकतो. डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या 'लक्ष्य' या प्रसूती कक्षांची गुणवत्ता सुधारण्याच्या कार्यक्रमात ८० टक्के लाभार्थी समाधानी असावेत असं उद्दिष्ट आहे. ८० टक्के गाठूनही तातडीच्या सिझरच्या बायका पूर्ण उपेक्षित राहू शकतात, हे बैठकीत आकड्यांसह दाखवा.

दीड महिन्याला विचारताना एखादी रडू लागली, झोप नाही, बाळाकडे पाहावंसं वाटत नाही म्हणाली, तर फॉर्म बाजूला ठेवा. हे समाधानाचं मोजमाप राहिलेलं नाही, बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक घरच्यांनाही द्या.

गुणवत्ता_समन्वयक (नाशिक)

मनापासून आभार. फॉर्म बदलणं आणि टाक्यांची दोन मिनिटं उद्यापासून सुरू करता येतील. सोबतिणीवर मात्र आमचे वरिष्ठ अडलेत. म्हणतात, एका हॉलमध्ये चार टेबलं आहेत, एकीची सोबत दुसरीला उघडी बघणार, आणि जंतुसंसर्ग वाढेल.

सिस्टर_लेबररूम

पहिली हरकत खरी आहे, ताई, आणि ती सोबतीण येण्याआधीपासूनची आहे. आजही चौघी एकमेकींना उघड्याच बघतात. दोन टेबलांमध्ये पडदा लावा. रुळावरचा, टेबलाच्या तिन्ही बाजूंनी फिरणारा, जमिनीपासून वीतभर वर, म्हणजे पुसताना ओला होणार नाही. कापड अपारदर्शक आणि गरम पाण्यात धुता येणारं, प्रत्येक टेबलाला दोन जोड. टेबलाचा पायथा दाराकडे असेल तर आधी टेबल फिरवा, त्याला खर्च शून्य. सोबतिणीचं स्टूल नेहमी डोक्याच्या बाजूला, म्हणजे तिची पाठ शेजारच्या टेबलाकडे राहते.

संसर्गाचं म्हणाल तर सोबतिणीने कोपरापर्यंत हात धुवायचे, आतल्या चपला, स्वच्छ गाऊन, खोकला-ताप असेल तर दुसरी बाई. ती निर्जंतुक ट्रेला हात लावत नाही. दिवसभर चार टेबलांवर फिरणारे हात आपले असतात, म्हणून वरिष्ठांना आधी बेसिनजवळ न्या. कोपराने उघडणारा नळ आहे का, साबण आहे का, ते दाखवा. सुरुवात चारही टेबलांनी करू नका. भिंतीकडचं एक टेबल घ्या, महिनाभर फक्त दिवसपाळीत चालवा, आणि रात्रपाळीच्या सिस्टरांना त्या महिन्यात एकेकदा दिवसा बोलावून दाखवा. रात्री दोघीच कामावर असतात. सोबतीण पाणी देते, पाठ चोळते, हाक मारते, म्हणजे एक जोड हात वाढतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं की विरोध तिथूनच मावळायला लागतो.